पुलापुरता पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुने पासपोर्ट कार्ड आहे. तळहातात मावेन एवढा माझा आकार आणि अंगावर थर्लो डिन्समोर नावाच्या म्हाताऱ्याचा रागीट चेहरा. फोटो काढणाऱ्या मुलीने त्याला मान जरा वर करायला सांगितले होते आणि त्याला ते आवडले नव्हते. तो राग मी आजवर अंगावर वागवतो आहे. माझी मुदत आता संपत आली आहे. ती संपण्याआधी मला एक हकिकत सांगून टाकायची आहे. ऐकायला ती गोड नाही, हे आधीच सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका सरकारी छापखान्यात झाला. प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवून, तापवून, दाबून मला घडवले. पोटात एक चिप बसवली. तिच्यात ना नाव, ना गाव, फक्त एक आकडा. चौकीवरच्या यंत्राने विचारले की मी तो आकडा सांगतो आणि माणसाची सगळी कुंडली तिथल्या पडद्यावर उमटते. शेजारच्याच दालनात निळी पुस्तके शिवली जात. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरे, आत शिक्क्यांसाठी कोरी पाने. पासपोर्ट म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ते पुस्तकच येते. पुस्तक माणसाला विमानाने परदेशी नेते. मी नेतो तो जमिनीवरून किंवा बोटीने, कॅनडात, मेक्सिकोत आणि जवळच्या काही बेटांवर. परदेशी निघालेल्या विमानाच्या दारात मला कोणी विचारत नाही. मात्र मी सरकारी ओळखपत्र आहे. जिथे पासपोर्ट लागत नाही, नुसती ओळख पटवायची असते, तिथे मी बहुतेक ठिकाणी चालतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या धन्याच्या ते लक्षात आले नाही.

थर्लोचे गाव कॅलस. मेन राज्याच्या अगदी टोकाला, सेंट क्रॉय नदीच्या काठी. नदीवर एक बुटका पूल आणि पुलाच्या पलीकडे सेंट स्टीवन. ते कॅनडात. थर्लोच्या लहानपणी चौकीवरचा शिपाई मान हलवायचा आणि माणसे जायची. इकडे आग लागली की तिकडचा बंब यायचा. तिकडच्या चॉकलेटच्या कारखान्याचा वास इकडच्या वाळत घातलेल्या कपड्यांना यायचा. ऑगस्टच्या जत्रेत दोन्ही गावचे पुढारी पुलाच्या मधोमध हस्तांदोलन करायचे आणि लोक टाळ्या वाजवून पुन्हा आपापल्या बिअरकडे वळायचे. मग एका वर्षी नियम आला की पूल ओलांडायला पासपोर्ट हवा. थर्लोला तो अपमान वाटला. पुढे कितीतरी महिने त्याने पुलावर पाऊल टाकले नाही. केस मानेवर आले तरी तो पलीकडच्या न्हाव्याकडे गेला नाही.

त्याला नमवले ते त्याच्या मुलीने. शॉनाचे लग्न पलीकडच्या ट्रॉयशी ठरले. ट्रॉयची आई डोरीन विधवा होती, चॉकलेटच्या कारखान्यात तिची उमर गेली होती. मुलीच्या लग्नाला जायचे तर पासपोर्ट काढणे भागच होते. थर्लो आणि त्याची बायको अर्लीन टपाल कचेरीत गेले. खिडकीपलीकडच्या बाईने विचारले, पुस्तक हवे, कार्ड हवे की दोन्ही? अर्लीनने दोन्हींवर खूण केली. थर्लोने फक्त माझ्यावर केली.

“अरे, एकदाच काय ती कटकट,” अर्लीन म्हणाली. “पुस्तकही काढून टाक.”

“पुस्तक परदेशी जाणाऱ्यांना लागतं,” थर्लो म्हणाला. “डोरीनकडे जेवायला जाणं म्हणजे काय परदेश आहे?”

“आणि कधी विमानात बसायची पाळी आली तर?” खिडकीतल्या बाईने विचारले.

“माझा ट्रक जात नाही तिथे माझं काही अडलेलं नाही.”

बाई हसली. अर्लीनही हसली. त्या दिवशी सगळ्यांनाच ते ऐटीचे वाटले. जन्मभर कागदाच्या गिरणीत लगदा शिजवलेल्या माणसाने कागदाचे पुस्तक नाकारून प्लॅस्टिक घेतले, याची मलाही गंमत वाटली. अर्लीनचे निळे पुस्तक घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडले. मी थर्लोच्या पाकिटात, त्याच्या शिकारीच्या परवान्याला खेटून राहू लागलो.

ती वर्षे माझी चांगली गेली. दर शनिवारी आम्ही पूल ओलांडत असू. न्हावी, मग डोरीनकडे शिजवलेल्या घेवड्यांचे जेवण, मग शॉनाच्या घरी कॉफी. वसंतात भाजीसाठी नेच्याचे कोवळे कोंब पिशवीत भरून तो पलीकडे न्यायचा आणि परतताना चॉकलेटचे तुटके तुकडे आणायचा. चौकीवर मला उंच धरून तो यंत्राला दाखवी. “बघ, माझं पुलापुरतं कार्ड,” असे तो शिपायांना सांगायचा. शॉनाला मुलगी झाली, तिचे नाव ब्रिन. तिच्या पहिल्या दातांचे वळ अजून माझ्या कोपऱ्यावर आहेत.

पण ट्रॉयला काम मिळेना. त्या भागातल्या पुष्कळ मुलांप्रमाणे तोही पश्चिमेला अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला आणि वर्षभराने शॉना आणि ब्रिन त्याच्यामागे गेल्या. देश तोच, कॅनडाच, पण खंडाच्या दुसऱ्या टोकाला. दर नाताळात शॉनाचा फोन यायचा. “बाबा, पुस्तक काढ ना. विमानाने दिवसभराचा तर प्रवास आहे.” थर्लो म्हणायचा, “घर इतकं लांब तू नेलंस. आता मला का उडवतेस?” मग उन्हाळ्यात तीच यायची. बापाचा हट्ट मुलीने तिकिटे काढून पुरवला. तिने कधी आदळआपट केली नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याला वाटत राहिले की तिला चालते आहे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी ट्रॉयचा फोन आला. शॉनाच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. अल्बर्टातल्या एडमंटनच्या इस्पितळात तिला यंत्रावर ठेवले होते. डॉक्टर म्हणत होते की हातात थोडे दिवस आहेत, कदाचित तेवढेही नाहीत. त्याने बँगरहून दोघांची संध्याकाळच्या विमानाची तिकिटे काढली होती. अर्लीनने खणातून निळे पुस्तक काढले. थर्लोने खिसा चाचपून मी आहे ना हे पाहिले. बर्फातून ट्रक हाकत ते बँगरच्या विमानतळावर पोहोचले.

खिडकीवरच्या मुलीने अर्लीनचे पुस्तक उघडले, पाहिले, परत दिले. मग मला हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मला पुढचे सगळे ठाऊक होते, मित्रांनो. मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

“हे विमानाला चालत नाही, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “गाडीने किंवा बोटीने जायला चालतं.”

“मी वर्षानुवर्षं हेच दाखवून कॅनडात जातोय.”

“विमानाने नाही ना गेलात?”

थर्लोने तिच्या साहेबाला बोलवायला लावले. साहेबाने तेच सांगितले. पुस्तक बॉस्टनला तातडीने मिळू शकेल, पण ती कचेरी आता सोमवारी उघडणार. थर्लोने मूठ आपटली नाही, आवाज चढवला नाही. तो मला हातात धरून नुसता बघत राहिला. त्याच्याच रागीट चेहऱ्याने त्याच्याकडे पाहिले.

“मी जाऊ की थांबू?” अर्लीनने विचारले.

“जा तू. तिला एकटी नको ठेवू.”

ती गेली. काचेच्या दारातून तिची तपकिरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग आम्ही ट्रककडे आलो. कार्ड गाडीला चालते, हे त्याने ऐकले होते. म्हणून त्याने गाडी काढली. आयुष्यभर ज्याने पलीकडच्या गावाला परदेश म्हणायला नकार दिला, त्याने त्या एका रात्री आख्खा कॅनडा परदेश मानला आणि परदेशाला गाडीनेच जायचे ठरवले.

उजाडता उजाडता आम्ही कॅलसचा पूल ओलांडला. चौकीत एक नवखा पोरगा होता. कुठे निघालात, असे त्याने विचारले. अल्बर्टाला, थर्लो म्हणाला. फार लांब आहे, पोरगा म्हणाला आणि त्याने मला परत दिले. पुढे मोठ्या रस्त्याला फाटा फुटतो. उजवीकडे फ्रेडरिक्टन, डावीकडे क्युबेक आणि मग सगळा पश्चिमेचा रस्ता. उजवीकडच्या पाटीवर विमानाचे चित्र होते. थर्लोने ती पाटी वाचली, मला माहीत आहे, कारण तिच्यासमोर त्याने गाडी थांबवून डोळे पुसले. मग त्याने चाक डावीकडे वळवले.

आम्ही क्युबेक ओलांडले. ऑन्टॅरियोत शिरलो. ते राज्य संपता संपत नाही. तो ट्रकमध्येच डुलकी काढी, कॉफी पिऊन पुन्हा चाक धरी. सुपीरियर सरोवराच्या उत्तरेला वादळ उठले आणि निपिगॉनजवळ पोलिसांनी रस्ता बंद केला. पेट्रोल पंपावर अडकलेल्या ट्रकवाल्यांची गर्दी होती. थर्लोने पंपावरच्या फोनवरून इस्पितळात फोन लावला. अर्लीन म्हणाली, आता फार वेळ नाही, मी फोन तिच्या कानाशी धरते, बोल.

मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

“शॉना,” तो म्हणाला, “मी येतोय. रस्ता उघडला की येतोय. मी निघालोय, बाळा, मी वाटेतच आहे.”

पलीकडून यंत्राच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही. तो तेच तेच पुन्हा सांगत राहिला. मागे फोनसाठी थांबलेले ट्रकवाले एकेक करून बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले. रस्ता दुसऱ्या दिवशी उघडला. शॉना त्याआधीच गेली होती.

दफनाच्या सकाळी आम्ही पोहोचलो. माती लोटताना थर्लो सगळ्यांच्या मागे उभा होता, दाढी वाढलेली, अंगात ट्रकमधलेच कपडे. नंतर लोक ट्रॉयच्या घरी जमले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी थर्लो, अर्लीन आणि त्यांची विहीण डोरीन अशी तिघेच बसली होती. डोरीनने त्याच्यापुढे कॉफी आणि हॅमचे सँडविच ठेवले. ती रडून रडून सुजली होती. तिच्या मनात कोणाला टोचायचे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

“शुक्रवारी तुमच्याकडे दोनदा फोन केला, थर्लो,” ती म्हणाली. “कोणी उचलला नाही. म्हटलं, दोघं आधीच निघालात. मग मी शनिवारी सकाळी आमच्या जवळच्या सेंट जॉनहून विमान धरलं. टोरांटोत बदलून संध्याकाळी इथे.”

थर्लोने मान वर केली. “तुमच्याकडे पासपोर्ट आहे?”

“मला कशाला लागतोय? देशातल्या देशात जायचं. गाडीचं लायसन्स दाखवलं.” मग तिला काहीतरी उमगू लागले आणि तिचा आवाज खाली आला. “पूल ओलांडून माझ्याकडे आला असता तर तुम्हालाही चाललं असतं. आपल्या पुलावरचं कार्ड जवळ नव्हतं का?”

थर्लोने खिशातून मला काढले आणि टेबलावर ठेवले.

“होतं,” तो म्हणाला.

अर्लीनने तोंडावर हात घेतला. बाहेरच्या खोलीत लोक हलक्या आवाजात हवेबद्दल बोलत होते. मी त्या टेबलावर कॉफीच्या एका ओल्या वर्तुळात पडून होतो. पुलापलीकडे शनिवारी विमान होते आणि तो फाट्यावरून डावीकडे वळला होता. मी त्याला नेऊ शकलो असतो. तो शनिवारी संध्याकाळी तिच्या उशाशी असता. शॉना रविवारी गेली.

परतीला दोघे ट्रकनेच आले. सरोवर गोठून पांढरे पडले होते. निपिगॉनच्या त्या पंपाशी अर्लीन म्हणाली, “मलाही सुचलं नाही, थर्लो. तिथे खिडकीशी उभी होते आणि मलाही नाही सुचलं.” जरा पुढे गेल्यावर थर्लोने एक हात चाकावरून काढून तिच्या हातावर ठेवला. तो हात त्याने फार वेळ तसाच ठेवला.

त्या वसंतात त्याने पुस्तकाचा अर्ज केला. कोणी सांगितले नव्हते. निळे पुस्तक आले, त्याने ते उघडूनही पाहिले नाही. खणात रबरबँड, मेणबत्त्या आणि जुन्या किल्ल्यांच्या गर्दीत अर्लीनच्या पुस्तकाशेजारी त्याने ते टाकले आणि त्याच्यावर मला टाकले. शनिवारचे जाणे थांबले. केस अर्लीन घरीच कापू लागली. नेच्याचे कोंब काठावर उगवले आणि मोठे होऊन पाने झाले, कोणी खुडले नाहीत. डोरीन कधीमधी पूल ओलांडून यायची, दारातच उभी राहून बोलायची आणि निघून जायची. त्या खणात मला एकच विचार यायचा. माझ्यात काही खोट नव्हती. मी मोडलो नव्हतो, माझी मुदत संपली नव्हती. तरी मी असून नसल्यासारखा ठरलो. आणि मला तोंड नाही. आम्हा वस्तूंचे यापेक्षा मोठे दुःख नाही.

मग ऑक्टोबरात ब्रिनचा फोन आला. आठ वर्षांची पोर. ती आजीशी बोलली आणि मग तिने आजोबाला मागितले. “आजोबा, तू माझ्या वाढदिवसाला येशील? बर्फ पडायच्या आधी आहे.” “येईन,” थर्लो म्हणाला.

त्याने खण उघडला. पुस्तक घेतले आणि थोडा विचार करून मलाही घेतले. अर्लीनने बँगरहून तिकीट काढू का, असे विचारले. नको, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रक दारात ठेवून पुलावरून चालत निघाला. पलीकडे डोरीनने गाडी तयार ठेवली होती. तिने त्याला सेंट जॉनच्या विमानतळावर सोडले आणि ती आत आली नाही.

खिडकीवर एक मध्यमवयीन बाई होती. थर्लोच्या कोटाच्या एका खिशात पुस्तक होते, दुसऱ्यात मी. त्याने मला काढून तिच्यापुढे ठेवले. तिने माझ्याकडे एक नजर टाकली, एक त्याच्या चेहऱ्याकडे, आणि मला परत दिले. तिला तेवढेच पुरे होते. एका श्वासाचे काम.

“झालं?” थर्लोने विचारले.

“झालं, काका. दोन नंबरचं दार.”

त्याला तिथून हलता येईना. मागे माणसे थांबली होती. बाईने पुन्हा दाराकडे बोट दाखवले. तो भिंतीशी असलेल्या बाकावर जाऊन बसला, मला तळहातावर ठेवले आणि पहिल्यांदाच, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडला. लोक पाहत होते, त्याची त्याला शुद्ध नव्हती. शेवटी छतावरच्या कर्ण्यातून त्याचे नाव पुकारले तेव्हा तो उठला. विमानात त्याने खिडकीचा पडदा उघडला नाही. मला त्याने खिशात ठेवले नाही, वाटभर मुठीत धरून ठेवले.

मित्रांनो, माझी मुदत संपली की तो दुसरे कार्ड काढील की नाही, ठाऊक नाही. मला काय, मी दुमडून कुठेतरी टाकला जाईन. माझी एवढीच विनंती आहे. जी वस्तू तुमच्या हाती आहे, तिची निगा नुसती पुसून-झाकून राखू नका. ती काय करू शकते आणि काय नाही, हे गरज पडण्याआधी कोणाला तरी विचारून घ्या. एका खिडकीवर नाही म्हटले तर शेजारच्या दारात जाऊन पुन्हा विचारा. आणि ज्या माणसाकडे तुम्हाला एक दिवस जायचेच आहे, त्याने बोलावले की लगेच जा.

ब्रिन दारात उभी होती. तिने आजोबाच्या मुठीकडे पाहून विचारले, हातात काय आहे? त्याने मूठ उघडली. माझ्या कोपऱ्यावरचे दातांचे वळ तिला दाखवून तो म्हणाला, “हे तुझे. तू एवढीशी होतीस. तुझी आई तेव्हा नदीपलीकडेच राहायची.”